बाटली एक, खाती तीन

खोबरेल तेल खायचं की डोक्याला लावायचं? गोव्यात किंवा सावंतवाडीकडे एखाद्या घरात हा प्रश्न विचारलात तर उत्तरादाखल चुलीवरची कढई दाखवली जाईल. सोलापूर-नगरकडे विचारलात तर बोट आरशाखालच्या फळीकडे जाईल. बाटली मात्र दोन्ही घरांत तीच, बहुतेक वेळा निळी. या साध्या प्रश्नापुढे सर्वोच्च न्यायालयाचीही दमछाक झाली. 2018 मध्ये प्रकरण दोन न्यायमूर्तींपुढे आलं तेव्हा न्या. रंजन गोगोई म्हणाले खाद्यतेल, न्या. आर. भानुमती म्हणाल्या केसांचं तेल. मग तिघांचं पीठ बसलं आणि 18 डिसेंबर 2024 रोजी निकाल लागला.

वाद अर्थातच कराचा. छोट्या बाटलीतलं तेल कोणी तळणीला घेत नाही, सबब ते केशतेल, असं अबकारी खात्याचं म्हणणं. 2009 च्या एका परिपत्रकाने तर मापानेच सीमा आखली होती: 200 मिलिलिटरच्या आतली बाटली म्हणजे केसांचं तेल. कंपन्या म्हणत, ज्याच्या खिशात थोडेच पैसे असतात तो खाण्याचं तेलही थोडंथोडंच घेतो. पुढे जीएसटी आला आणि खाद्यतेलाला 5 टक्के, केशतेलाला 18 टक्के अशी दरी पडली. न्यायालयाने शेवटी सांगितलं की बाटली लहान झाल्याने तेलाची जात बदलत नाही. वर केसांचं तेल असं छापून, त्या मालाचे नियम पाळून विकलं असेल तरच ते केसांचं. गंमत म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून केशतेलही 5 टक्क्यांत आलं. ज्या फरकासाठी वर्षानुवर्षं वकील उभे राहिले, तो निकालानंतर नऊ महिन्यांत पुसला गेला.

निकालातली एक गोष्ट मात्र कराच्या पलीकडची आहे. बाटलीत काय आहे यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. भांडण होतं ते बाटलीवर काय लिहिलंय यावर. अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधन यांच्यातली आजची कायदेशीर सरहद्द पुष्कळदा पदार्थातून जात नाही, मजकुरातून जाते. हळद दुधात गेली की अन्न, पुडीत बांधून वैद्याने दिली की औषध, चेहऱ्याला लावली की प्रसाधन. आणि तिन्हींचे परवाने निराळे. हे असं कधीपासून झालं, ते पाहण्यासारखं आहे.

कारण मुळात असं नव्हतं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून लोकांचं रक्षण कसं करावं याचा अध्याय आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी 1960 च्या दशकात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो सहज सापडतो. त्यातलं एक सूत्र सांगतं की धान्य, तेलतूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यं आणि औषधं यांत तसाच दिसणारा हलका माल मिसळला तर बारा पण (तेव्हाचं नाणं) दंड. खाण्याचं, लावण्याचं आणि दुखण्यावरचं, सगळं एका ओळीत, एकाच दंडाला पात्र. त्याच अध्यायात आणखी एक तरतूद आहे. लाकूड, धातू, रत्नं, कातडं, सूत अशा मालात जातिवंत नसलेली वस्तू जातिवंत म्हणून खपवली, तर किमतीच्या आठपट दंड. म्हणजे मिसळण्याचा गुन्हा वेगळा आणि खोटं सांगून विकण्याचा वेगळा, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजाराला कळत होतं. दुसऱ्याला जबर शिक्षा असावी हेही कळत होतं. पुढची हजारभर वर्षं या तरतुदी कुठे कितपत पाळल्या गेल्या हे सांगणं कठीण; पेशवाईतल्या पुण्यात वजनंमापं आणि बाजारभाव पाहणं कोतवालाकडे होतं, एवढं खरं.

इंग्रजांनी 1860 मध्ये भारतीय दंडविधान केलं तेव्हा कलम 272 आणि 273 अन्नपेयांसाठी ठेवली, 274 ते 276 औषधांसाठी. अन्नभेसळीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या काळात हजार रुपये ही मोठी रक्कम. पण कलमात एक मेख होती. भेसळीने अन्न अपायकारक व्हायला हवं, तरच गुन्हा. दुधात पाणी घातलं तर दूध पातळ होतं, अपायकारक होत नाही. तुपात चरबी घातली तर खाणारा मरत नाही. विषापासून संरक्षण होतं, फसवणुकीपासून नव्हतं. गवळ्यांच्या पथ्यावर पडलेलं इतकं सोयीचं कलम दुसरं नसेल.

ही मेख उघडी पडली ती कलकत्त्यात, 1917 साली. बाजारातल्या तुपात जनावरांची चरबी आहे अशी बोलवा झाली आणि शहर पेटलं. मारवाडी समाजाच्या पंचायतीने आपल्याच व्यापाऱ्यांना दंड ठोठावले, हुगळीच्या काठी ब्राह्मणांच्या शुद्धिविधींना गर्दी लोटली. कोणाला विषबाधा झाली नव्हती. धर्म बाटला होता, आणि दंडविधानात त्याला कलम नव्हतं. सरकारने घाईघाईने नगरपालिकेच्या कायद्यात दुरुस्ती केली; 1919 मध्ये बंगालचा अन्नभेसळ कायदा आला. इतर प्रांतांतही त्याच सुमारास असे कायदे होत होते. मुंबई इलाख्याचा 1925 चा. या प्रांतिक कायद्यांनी एक मोठी गोष्ट केली: पदार्थ अपायकारक नसला तरी तो जे म्हणवतो ते नसेल तर विकता येणार नाही. गिऱ्हाईक जे मागतं तेच त्याला मिळालं पाहिजे, हे तत्त्व इथे आपल्या कायद्यात शिरलं, आणि ते तुपाच्या वाटेने शिरलं.

तुपाची कथा एवढ्यावर संपत नाही, कारण मग डालडा आला. 1930 च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि 1937 पासून डालडा या नावाने ते घराघरांत पोचलं. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की तुळस लावायला किंवा धान्य मोजायला. वनस्पती तूप स्वतः लबाड नव्हतं. डब्यावर जे लिहिलं होतं तेच आत होतं. लबाडी पुढे व्हायची. व्यापारी ते साजूक तुपात मिसळायचा, आणि दोन्ही पांढरी, रवाळ, थिजणारी असल्यामुळे नजरेला ओळखू यायचं नाही. वनस्पतीला रंग द्या म्हणजे भेसळ पकडता येईल, असा आग्रह वर्षानुवर्षं धरला गेला. स्वातंत्र्यानंतर संसदेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदीच घालण्याचं विधेयक मांडलं. रंग काही मिळाला नाही. मिळाला तो तीळ. कारखानदाराने प्रत्येक वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचं तेल घालावं, असा नियम झाला. तिळाच्या तेलाची एक खोड अशी की ते हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉलबरोबर हलवलं की लालभडक रंग देतं. रसायनशास्त्रात याला बोदुआं चाचणी म्हणतात. साजूक तूप म्हणून आणलेला नमुना परीक्षानळीत लाल झाला की समजावं, यात वनस्पती आहे.

या नियमाचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. प्रामाणिक मालातच साक्षीदार पेरून ठेवायचा, म्हणजे तो कुठेही गेला तरी बोलेल. लेबल डब्यावरून खरवडता येतं. तीळ तुपातून काढता येत नाही. पुढच्या काळात आपण छापील मजकुरावर जितका भरवसा टाकला, तितका असल्या युक्त्यांवर टाकला असता तर बरं झालं असतं.

औषधांचा रस्ता तोवर वेगळा झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर देशात बनावट आणि निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाला, तेव्हा 1930 मध्ये कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून, अंमळ उशिराच, 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम जन्माला आले. पण हा कायदा पाश्चात्त्य औषधांपुरता. पनवेलला 1872 पासून चाललेला धूतपापेश्वरचा कारखाना काय किंवा चेंबूरचे सांडू बंधू काय, आसवं-अरिष्टं, भस्मं आणि अवलेह त्याच्या बाहेर. आणि या दोहोंच्या मध्ये एक मोठा इलाखा होता जो ना वैद्याचा होता ना डॉक्टरचा: पेटंट औषधांचा. जुन्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवर तो पसरलेला दिसतो. शक्तिवर्धक गोळ्या, बाळसं आणणारी अमृतं, उंची वाढवणारी चूर्णं. आज ज्याला सप्लिमेंट म्हणतात त्याचे हे सख्खे पूर्वज, भाषेसकट.

1954 हे वर्ष या मागोव्यात महत्त्वाचं आहे, कारण त्या एका वर्षात दोन कायदे झाले आणि एकाच वस्तूच्या दोन बाजू त्यांनी वाटून घेतल्या. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने सगळे प्रांतिक कायदे मोडीत काढून देशभर एकच कायदा आणला. 1 जून 1955 पासून तो लागू झाला. त्यात अन्नाची व्याख्या होती: माणसाच्या खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू, औषधं आणि पाणी सोडून. पाण्याला वगळणाऱ्यांना बाटलीबंद पाण्याचा धंदा स्वप्नातही दिसला नसणार. त्याच वर्षीचा दुसरा कायदा औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. तो बाटलीत डोकावतच नाही. तो फक्त शब्द पाहतो. त्याच्या परिशिष्टात 54 रोगांची आणि अवस्थांची यादी आहे: मधुमेह, हृदयविकार, मोतीबिंदू, लठ्ठपणा, अगदी उंचीसुद्धा. यांपैकी काही बरं करतो असं म्हणायचंच नाही, मग औषध खरं असो की खोटं. हमदर्द दवाखान्याने याला भाषणस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान दिलं. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची एकदोन अंगं छाटली, पण गाभा राखला. विक्रीसाठी केलेली जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, असा त्याचा रोख होता. पुढे सत्तर वर्षांनीही हा कायदा पुस्तकात ठणठणीत आणि रस्त्यावर अशक्त आहे. 2024 मध्ये पतंजलीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली ती याच रोगयादीतल्या दाव्यांवरून उठलेल्या प्रकरणात. त्यासाठीसुद्धा इंडियन मेडिकल असोसिएशनला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

प्रसाधनांची पाळी सर्वांत शेवटी आली. स्नो, पावडर, लाली यांचा देशी धंदा विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासून मुंबईत होता; पाटणवालांचा अफगाण स्नो त्यातला सर्वांत गाजलेला. पण त्यांच्यावर कायदा नव्हता. 1962 मध्ये औषध कायद्यातच दुरुस्ती होऊन प्रसाधनं त्यात घुसवली गेली आणि कायद्याचं नाव औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा झालं. शिसं आणि आर्सेनिक असलेले रंग प्रसाधनांत बंद झाले. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे लक्षात घेतलं तर या बंदीचा आपल्या देवघराशी आणि भांगाशी किती जवळचा संबंध होता ते कळेल. व्याख्येत मात्र साबण वगळला होता. तो आत यायला 1982 उजाडलं. आयुर्वेदीय औषधांसाठी त्याच कायद्यात 1964 मध्ये स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. अशा रीतीने, कौटिल्याने एका ओळीत बसवलेल्या तीन वस्तूंच्या साठच्या दशकापर्यंत तीन वाटा झाल्या, शिवाय औषधाच्या वाटेला दोन फाटे.

वाटा झाल्या की वेशीवर भांडणं होतात. ती सर्वांत जोरात झाली नागपूरच्या अबकारी आयुक्तालयात, आणि त्यांचा इतिहास खरं तर एखाद्या कादंबरीकाराने लिहावा असा आहे. अबकारी कायद्यात प्रसाधनावर कर जास्त, आयुर्वेदीय औषधावर कमी किंवा नाहीच. त्यामुळे प्रत्येक कारखानदाराला आपला माल औषध ठरायला हवा, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला तो प्रसाधन. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचं प्रकरण 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. कंपनीने ग्रंथांचे आधार दिले, घटकद्रव्यांची यादी दिली. न्यायालय म्हणालं, लोक याकडे काय म्हणून पाहतात ते सांगा. औषध वैद्य लिहून देतो आणि दुखणं असेतो घेतात. हे मंजन तर माणूस रोज सकाळी उठून दात घासायला वापरतो. कंपनी हरली.

दुसरीकडे विको. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये परळला सुरू केलेल्या या कंपनीची टर्मरिक क्रीम आणि वज्रदंती ही दोन्ही अशाच वादात अडकली. आधी एकदा निकाल विकोच्या बाजूने लागला होता. 1985 च्या नव्या अबकारी दरपत्रकानंतर खात्याने तोच वाद पुन्हा उकरला. अखेर डिसेंबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकोचा माल आयुर्वेदीय औषधच असल्याचं मान्य केलं: एकदा ठरलेली गोष्ट बदलायची तर काहीतरी नवं कारण दाखवा, ते खात्याने दाखवलेलं नाही. सिनेमाच्या आधी थिएटरात आणि पुढे दूरदर्शनवर वाजणारं विकोचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल, ही क्रीम कॉस्मेटिक नाही असं ते गाणं ठासून सांगायचं. चेहरा उजळवण्याच्या क्रीमने मी प्रसाधन नाही असं का ओरडावं, याचं कोडं लहानपणी अनेकांना पडलं असेल. सूर लावून गायलेलं ते करखात्याला दिलेलं उत्तरही होतं.

एक दात घासण्याची पूड औषध नाही, दुसरी दात घासण्याची पेस्ट औषध आहे. दोन्ही निकाल आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. एकत्र वाचले की मात्र डोकं गरगरतं. 2006 मध्ये नागपूर आयुक्तालयाचंच आणखी एक प्रकरण, पुमा आयुर्वेदिकचं, दिल्लीपर्यंत गेलं आणि तिथे एकेक वस्तू हातात घेऊन ही औषध की प्रसाधन असं ठरवावं लागलं.

हे सगळं शब्दांचं भांडण चाललं असताना पदार्थ आपलं काम करतच होते. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. याच रसायनाने 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधातून शंभराहून अधिक माणसं मारली होती, आणि त्या धक्क्यातून 1938 चा अमेरिकी अन्न, औषध व प्रसाधन कायदा झाला होता. पन्नास वर्षांनी तेच विष भायखळ्यात. ग्लिसरीन हा पदार्थ तिन्ही खात्यांत फिरणारा आहे: केक मऊ राहावा म्हणून अन्नात, क्रीममध्ये, औषधात. फरक असतो तो शुद्धतेच्या प्रतीचा. कारखान्यासाठी असलेली प्रत रुग्णालयात पोचली. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीवर आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. परवाने, शिक्के, सह्या, सगळं कागदावर होतं. नळीत घालून पाहणारा हात कुठे नव्हता.

अन्नाकडेही अशीच वेळ आली. ऑगस्ट 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने जलशोथाची साथ आली, साठहून अधिक माणसं गेली. पिवळा धोत्रा आपल्याकडेही माळावर, रस्त्याकडेला माजतो. त्याचं बी मोहरीसारखंच काळं आणि गोल. सरकारने सुट्या मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी घातली. तेलाच्या घाण्यावरून किटलीत तेल आणणाऱ्या भारताला बंद पाकिटाकडे वळवणारा हा एक मोठा टप्पा. आणि पाकीट आलं की त्यावर लिहायला जागा आली.

तिथून पुढे पाकिटाची पाठ भरत गेली. सर्व करांसह कमाल किंमत 1990 पासून. मांसाहारी पदार्थावर तपकिरी खूण 2000 पासून, शाकाहारीवर हिरवी त्यानंतर. 1917 च्या तुपाचा प्रश्न इथे एका ठिपक्यात मावला. रंग न ओळखू शकणाऱ्यांची सोय म्हणून पुढे मांसाहारी खुणेचा ठिपका जाऊन त्रिकोण आला. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू होऊन 1954 चा कायदा संपला. त्याच्यासोबत पाकिटावर 14 आकडी क्रमांक आला. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. जुन्या कायद्यातला निरीक्षक दुधाचा नमुना तीन बाटल्यांत सील करायचा आणि आरोपीचा वकील नमुना घेण्याआधी दूध ढवळलं नव्हतं एवढ्यावरून सुटका करून घ्यायचा. नव्या कायद्यात किरकोळ गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी जबर दंड आले. चुकीच्या लेबलला 3 लाखांपर्यंत, फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत. मिसळण्यापेक्षा जाहिरातीतून खोटं सांगणं महाग, हा अर्थशास्त्रातला हिशोब नकळत परत आला: हलक्या प्रतीच्या मालाला दंडाची कमाल मर्यादा 5 लाखच आहे.

मॅगीचं प्रकरण सगळ्यांना शिशापुरतं आठवतं. पण 2015 च्या त्या वादात एक मुद्दा पाकिटावरच्या ओळीचाही होता, एमएसजी घातलेलं नाही या अर्थाच्या. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2015 रोजी बंदी रद्द केली; कंपनीला बाजू मांडू दिली नाही आणि तपासणीच्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या, हे ती रद्द होण्याचं मुख्य कारण. साठ वर्षांपूर्वीच्या ढवळलेल्या-न ढवळलेल्या दुधापासून आपण फार लांब आलो नव्हतो.

सप्लिमेंटचा डबा या वंशवृक्षातलं सर्वांत धाकटं पोर. 2016 च्या नियमांनी त्याला अन्नाच्या घरात घेतलं, 2018 पासून ते अंमलात आले. जीवनसत्त्वाची मात्रा रोजच्या शिफारशीच्या आत असेल तर अन्न, त्यापुढे गेली की औषधाचं दार. डब्यावर औषधी उपयोगासाठी नाही असं छापायचं, ही सक्ती. गोळीसारखी गोळी, कॅप्सूलसारखी कॅप्सूल, औषधाच्याच दुकानात, औषधाच्याच बाजूला, आणि वर लिहिलेलं की हे औषध नव्हे. 2022 मध्ये आयुर्वेद आहार नावाचा आणखी एक कप्पा झाला, म्हणजे ग्रंथातली पाककृती औषध न म्हणवता अन्न म्हणून विकता यावी. आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या पेयांना हेल्थ ड्रिंक म्हणू नका, कारण अशी वर्गवारी अन्न कायद्यात कुठे नाहीच. दोन पिढ्या ज्या शब्दावर वाढल्या तो बेवारस निघाला.

आता हे सगळं दिवाळीच्या तोंडावर, एखाद्या बचत गटाच्या टेबलापाशी आणून पाहू. तिथे चकली आहे, डिंकाचे लाडू आहेत, उटणं आहे, आवळ्याचं सरबत आहे आणि सर्दीवरचा काढा आहे. पाच वस्तू, त्याच चार बायकांनी एकाच स्वयंपाकघरात केलेल्या. चकली, लाडू, सरबत यांना अन्न नोंदणी. ती सोपी आहे: 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती 100 रुपये वार्षिक फीवर खुली केली. उटणं मात्र प्रसाधन. 2020 च्या प्रसाधन नियमांखाली उत्पादनाचा वेगळा परवाना, वेगळी जागा, जाणकार माणूस. काढा सर्दीवर म्हणून विकला तर आयुर्वेदीय औषध. त्याला 25-डी नमुन्यातला परवाना. महाराष्ट्रात तिन्ही अर्ज फिरून अन्न व औषध प्रशासनाच्याच दारात येतात, टेबलं तेवढी निराळी. उटण्याला परवाना लागतो हे त्या टेबलामागच्या बहुतेकींना कोणी कधी सांगितलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. मोठी कंपनी एक क्रीम औषध ठरवण्यासाठी दोन दशकं कोर्टात काढू शकते, कारण कराचा फरक वकिलांच्या बिलाहून मोठा असतो. उटण्यावाली एका नोटिशीत धंदा बंद करते. कायद्याचा कठोरपणा जिथे हवा तिथे, म्हणजे रोग बरा करण्याच्या दाव्यावर, तो ढिला आहे. आणि जिथे सैल असायला हरकत नाही, म्हणजे हळद-चंदन-कचोऱ्याच्या पुडीवर, तिथे तो कागदांचा ढीग मागतो. घरगुती उटण्यासाठी अन्नासारखीच शंभर रुपयांची नोंदणी असावी, आणि मधुमेहाचा खोटा दावा छापणाऱ्याला, तो केवढाही मोठा असो, पहिल्याच खेपेला जबर भुर्दंड बसावा. याला नवं तत्त्वज्ञान लागत नाही. बारा पण आणि आठपट, एवढाच भेद पुरे आहे.

तोवर विकणाऱ्या भगिनींना एक सांगणं. अन्नाची नोंदणी आधी करून घ्या. पाकिटावर घटक, वजन, तारीख, किंमत, पत्ता आणि तो 14 आकडी क्रमांक छापा. उटणं विकायचंच असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडून करून घ्या आणि त्याचा क्रमांक पुडीवर येऊ द्या. आणि डिंकाच्या लाडवांच्या पाकिटावर ‘सांधेदुखी, अशक्तपणा व मधुमेहावर गुणकारी’ अशी ओळ असेल तर ती आजच काढा. त्या ओळीने लाडू जास्त खपत नाहीत, आणि अधिकारी आलाच तर सगळ्यात आधी तीच वाचतो.